ओढा आधी मोजावा की विहीर? पाणलोटाच्या अभ्यासाच्या दोन वाटांचा तुलनात्मक आढावा

दहा-पंधरा चौरस किलोमीटरच्या पाणलोट क्षेत्रातील पाण्याचा अभ्यास करायचे ठरवलेल्या ग्रामपंचायतीपुढे, शेतकरी गटापुढे किंवा महाविद्यालयाच्या भूगोल विभागापुढे साधारणपणे सारखीच अडचण असते. हाताशी एक-दोन पावसाळे, थोडी माणसे आणि मोजका निधी असतो, आणि तेवढ्यात भूपृष्ठावरचे पाणी व भूजल या दोन्हींचा सारख्या तपशिलाने अभ्यास होत नाही. मग आधी ओढ्यानाल्यांचा प्रवाह आणि तलाव-बंधाऱ्यांचा साठा मोजायला घ्यावा, की विहिरींच्या पातळ्या आणि जमिनीखालचे थर तपासायला घ्यावेत, हे ठरवावे लागते. हा आढावा त्या निर्णयासाठी लिहिला आहे. तो मुख्यतः दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशाचा आहे, कारण महाराष्ट्राचे सुमारे ८२ टक्के क्षेत्र याच खडकाने व्यापलेले आहे. तापी-पूर्णेचा गाळ, कोकणातला जांभा, पूर्व विदर्भातले तलाव आणि कालव्याखालचा भाग यांचा विचार पुढे वेगळा केला आहे, कारण तिथे माझे मत बदलते.

ते मत सुरुवातीलाच नोंदवतो. बेसॉल्टच्या पाणलोटात, बाहेरून कालव्याचे पाणी येत नसेल तर, पहिल्या वर्षीचा बहुतेक वेळ आणि निधी विहिरींसाठी ठेवावा. भूपृष्ठावरच्या पाण्यासाठी त्या वर्षी दोनच कामे करावीत: गावात स्वतःचा पर्जन्यमापक बसवावा, आणि ओढा पाणलोटाबाहेर पडतो त्या ठिकाणी पावसाळा संपल्यानंतरचा प्रवाह मोजावा. बाकीचे सारे दुसऱ्या वर्षावर टाकता येते.

दहा चौरस किलोमीटरचा हिशेब

समजा, क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर आहे, जसा तो पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील अनेक गावांत बऱ्या वर्षी पडतो. म्हणजे त्या क्षेत्रावर वर्षभरात ६० लाख घनमीटर पाणी पडते. यातले ओढ्याने वाहून किती जाते, हे काढण्यासाठी इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातील प्रवाहांच्या मोजणीवरून बसवलेले सूत्र आजही वापरले जाते. दख्खनच्या पठारासाठी ते असे आहे: सेंटिमीटरमधल्या पावसातून १७.८ वजा करावेत, उत्तराला पुन्हा पावसाने गुणावे आणि २५४ ने भागावे. ६० सेंटिमीटर पावसाला उत्तर सुमारे १० सेंटिमीटर येते, म्हणजेच वाहून जाणारे पाणी १० लाख घनमीटर.

आता विहिरींकडून हिशेब करून पाहू. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत विहिरींची पातळी सरासरी ५ मीटर चढली, असे मानू. झिजलेल्या आणि सांधे-भेगा असलेल्या बेसॉल्टमधून पाणी ओसरते तेव्हा खडकाच्या आकारमानाच्या फक्त १ ते ३ टक्के पाणी मोकळे होते, आणि शासकीय अंदाजात त्यासाठी साधारणपणे २ टक्के हा आकडा धरतात. याला विशिष्ट जलउत्पन्न म्हणतात. १० चौरस किलोमीटर, ५ मीटर आणि २ टक्के यांचा गुणाकार १० लाख घनमीटर होतो. पावसाळ्यात झालेला उपसा त्यात वेगळा मिळवावा लागतो, पण सध्या तो बाजूला ठेवू.

दोन्ही आकडे सारखे आले हा या उदाहरणाचा योगायोग आहे, मात्र ते एकाच पट्टीतले असतात हे खरे आहे. पडलेल्या पावसाचा मोठा हिस्सा मातीचा ओलावा, पिके आणि बाष्पीभवन यांत जातो, आणि उरलेल्यासाठी ओढा व खडक यांची वाटणी होते. निर्णय घेणाऱ्याने यानंतर आपल्या हाती येणारा आकडा कितपत विश्वासाचा असेल आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल, हे पाहायला हवे. इथे दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या होतात.

ओढ्याच्या बाजूने

भूपृष्ठावरच्या पाण्याचा अभ्यास दोन प्रकारे होतो, आणि बहुतेक गावांचे प्रकल्प अहवाल पहिल्याच प्रकारावर थांबतात. तो प्रकार म्हणजे कोष्टके आणि सूत्रे. बंधाऱ्यांच्या अंदाजपत्रकात हमखास दिसणारे स्ट्रेंजचे कोष्टक १८९२ चे आहे. त्यात पाणलोटाचे चांगले, मध्यम आणि खराब असे तीन वर्ग करून पावसाप्रमाणे वाहत्या पाण्याचे प्रमाण दिले आहे. कागदावर हे काम एका दिवसात होते आणि त्याला खर्च लागत नाही. अडचण अशी की वर्षाचा ६०० मिलिमीटर पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिमझिम पडला काय किंवा सप्टेंबरच्या तीन दिवसांत बराचसा कोसळला काय, वार्षिक सूत्राला त्यातला फरक कळत नाही; ओढ्याला मात्र तो पुरेपूर कळतो. चराई, समतल चर, बांधबंदिस्ती आणि शेततळी यांनी गेल्या काही दशकांत गावोगावच्या उतारांचे रूप पालटले आहे, त्याचीही नोंद जुन्या कोष्टकात असू शकत नाही.

तरीही सूत्रातून एक मोलाची गोष्ट शिकता येते. पाऊस ६० सेंटिमीटरवरून ४० वर आला, म्हणजे एक तृतीयांशाने घटला, की त्याच सूत्राने वाहते पाणी १० वरून साडेतीन सेंटिमीटरवर येते, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांशाने घटते. बऱ्या वर्षाच्या हिशेबावर बंधाऱ्यांची साखळी उभारली की अवर्षणाच्या वर्षी खालचे बंधारे कोरडे का राहतात, याचे कारण या एका ओळीत आहे. एवढे समजण्यासाठी प्रत्यक्ष मोजणीची गरज लागत नाही, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी सूत्रावर काम भागवण्यास माझी हरकत नाही.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष मोजणीचा. लहान ओढ्यांच्या पुराची मोजणी फार अवघड असते, कारण अशा पाणलोटातला पूर दोन-चार तासांत येऊन ओसरतो, तो बहुधा संध्याकाळी किंवा रात्री येतो, आणि मोजपट्टी वाचायला त्या वेळी ओढ्यावर कोणी असेलच असे नाही. पाण्याची उंची आपोआप नोंदवणारे यंत्र बसवता येते, परंतु उंचीचे प्रवाहात रूपांतर करण्यासाठी त्या ठिकाणी वेगवेगळ्या पातळ्यांवर पाण्याचा वेगही मोजलेला असावा लागतो. तरंगता लाकडी तुकडा सोडून पृष्ठभागाचा वेग काढावा आणि त्याला ०.८५ च्या आसपासच्या गुणकाने गुणून सरासरी वेग धरावा, ही जुनी पद्धत अंदाजापुरती चालते. सुस्थितीतल्या बंधाऱ्याच्या सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याची जाडी नोंदवून प्रवाह काढणे त्याहून बरे.

पावसाळ्यानंतरच्या मंद प्रवाहाची मोजणी मात्र सोपी, स्वस्त आणि फार फलदायी असते. ओढ्यात नव्वद अंशांच्या कोनाची व्ही-आकाराची खाच असलेला पत्रा नीट बसवला आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर आली, तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर असतो. उंची २० सेंटिमीटर झाली की तो पाच पटींहून अधिक वाढून सुमारे २५ लिटर होतो. उंची काळजीपूर्वक वाचावी लागते, कारण १० सेंटिमीटरच्या वाचनात एका सेंटिमीटरची चूक झाली तरी प्रवाह सुमारे पंचवीस टक्क्यांनी चुकतो. आता ४.४ लिटर म्हणजे किती क्षुल्लक धार वाटते, पण ती तीन महिने टिकली तर ३४ हजार घनमीटर पाणी होते. दरडोई दररोज ५५ लिटर या प्रमाणाने २,००० लोकवस्तीच्या गावाची वर्षभराची गरज ४० हजार घनमीटरच्या घरात येते. हिवाळ्यात कुणाच्या डोळ्यांत न भरणारी ही धार नोंदवहीत आली की ग्रामसभेत तिच्याबद्दल बोलता येते.

भूपृष्ठावरच्या पाण्याचा अभ्यास कुठल्या प्रश्नांसाठी अटळ आहे, तेही सांगायला हवे. नवा बंधारा बांधावा का, आणि बांधला तर तो वर्षातून किती वेळा भरेल. जुन्या पाझर तलावात गाळ किती साठला आहे. सांडवा पुरेसा रुंद आहे का. वर अडवलेल्या पाण्यामुळे खालच्या गावाचा वाटा किती कमी होतो, यांची उत्तरे विहिरी देऊ शकत नाहीत. शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण गाव हे पाणलोटाचे शेवटचे टोक असल्यासारखे आराखडे पुष्कळदा केले जातात. साठवलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनाचाही हिशेब याच बाजूने करावा लागतो. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाणी उडून जाऊ शकते, आणि उथळ तलावासाठी हा आकडा निर्णायक ठरतो.

विहिरीच्या बाजूने

भूजलाच्या अभ्यासाला सुरुवात करण्यासाठी लागणारी साधने साधी असतात: मोजणीची फीत, टोकाला वजन, नोंदवही आणि गावाचा नकाशा. पहिले काम विहिरींची शिरगणती करण्याचे. प्रत्येक विहिरीचे स्थान, काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची, खोली, व्यास, बांधकाम कुठपर्यंत आहे, पाणी वर्षातून किती महिने टिकते आणि त्यावर काय भिजते, हे सारे लिहावे. जुनी माणसे खोली परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात, सांगतील; ती ऐकावी, पण फीत सोडून मीटरमध्येही मोजावी. खोदाईत कोणते थर लागले हे विहिरीच्या मालकाला बहुधा तोंडपाठ असते, आणि बांधकाम नसलेल्या विहिरीत ते उतरून पाहताही येतात.

हे थर म्हणजे या अभ्यासाचा गाभा आहे. बेसॉल्टचे लाव्हाप्रवाह एकावर एक बसलेले आहेत, आणि प्रत्येक प्रवाहात वरचा भाग बहुधा पोकळ्यांचा, झिजलेला असतो तर खालचा घट्ट असतो. माती आणि मुरूम यांच्याखाली लागणारा मांजऱ्या खडक, म्हणजे हाच पोकळ्यांचा भाग, पाणी धरतो आणि सोडतो. काळा पाषाण भेगा नसतील तर दोन्ही करत नाही. दोन प्रवाहांमध्ये कुठे कुठे सापडणारा तांबडा, मातकट थर पाणी खाली जाऊ देत नाही, आणि टेकडीच्या उतारावर तो उघडा पडला की त्याच्या माथ्यावर झरा दिसतो. दहा-बारा विहिरींमधल्या थरांच्या उंच्या एका कागदावर ओढल्या की गावातले पाणी कोणत्या थरात आहे आणि तो थर कुठे संपतो, याचे चित्र उभे राहते. पाझर तलाव काळ्या पाषाणावर बांधला गेला आहे का, हे या चित्रावरून कळते, आणि ते बांधण्यापूर्वी कळणे किती गरजेचे आहे हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर पातळ्यांची नोंद. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने महिन्यातून एकदा मोजावे, आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे रब्बीचा उपसा चालू असताना, जमल्यास पंधरा दिवसांनी. मोटार बंद होऊन काही तास गेल्यावर, शक्यतो पहाटे मोजलेली पातळीच धरावी. चालू मोटारीच्या विहिरीतले वाचन पाणलोटाबद्दल काहीच सांगत नाही. विहिरी निवडताना ओढ्याकाठच्या, मधल्या उतारावरच्या आणि माथ्याकडच्या अशा तिन्ही जागा घ्याव्यात. ओढ्याकाठच्याच घेतल्या तर गाव खरे आहे त्यापेक्षा सुखी दिसते.

उपसा चाचणीसाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागतो असे नाही. सहा मीटर व्यासाच्या विहिरीची पातळी एक मीटर उतरली म्हणजे २८ घनमीटर पाणी गेले. मोटार बंद केल्यावर ती एक मीटर परत चढायला चार तास लागले, तर विहिरीला तासाला सुमारे ७ घनमीटर पाणी येते. हीच मोजणी नोव्हेंबर आणि मार्च अशा दोन वेळा केली की झरे कसे आटत जातात ते समजते. खडकाचे गुणधर्म काढायचे असतील तर निरीक्षण विहिरीसह दीर्घ चाचणी आणि तिचे विश्लेषण करणारा भूजलतज्ज्ञ लागतो. जमिनीत वीजप्रवाह सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणाऱ्या विद्युत रोधकता सर्वेक्षणाची मागणी गावांतून फार होते, पण ते विहिरींच्या थरांचे चित्र हाती आल्यानंतरच करावे, कारण जमिनीवरून मिळणाऱ्या रोधकतेच्या आकड्याचा अर्थ लावायला शेजारच्या विहिरीतला पाहिलेला थर हाच आधार असतो.

या वाटेचे दोष लपवण्यात अर्थ नाही. वरच्या हिशेबात २ टक्क्यांऐवजी १ टक्का धरला तर १० लाखांचे ५ लाख होतात आणि ३ टक्के धरले तर १५ लाख; म्हणजे एकाच वाचनावरून उत्तर तिपटीने बदलते. भूजलाच्या सीमा टेकड्यांच्या माथ्यांशी जुळतीलच असे नाही, त्यामुळे शेजारच्या पाणलोटातून पाणी येऊ शकते किंवा तिकडे जाऊ शकते. विंधन विहिरी खोलवरच्या भेगांमधून पाणी ओढतात, त्यांची पातळी उथळ विहिरीच्या पातळीत मिसळली की दोन्ही नोंदी निरुपयोगी होतात. शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंध असल्याने आपल्या बोअरची खरी खोली सांगायला लोक कचरतात. ही माहिती दंडासाठी नाही, असा विश्वास बसल्याशिवाय शिरगणती पूर्ण होत नाही.

मग इतका अनिश्चित आकडा देणारी वाट आधी का धरावी? याचे पहिले उत्तर दोन्हीकडच्या चुकांच्या स्वभावात आहे. विशिष्ट जलउत्पन्नाचा आकडा चुकला असला तरी तो त्या गावात दरवर्षी सारखाच चुकलेला असतो. त्यामुळे यंदा भूजलात पडलेली भर गेल्या वर्षीच्या दोन तृतीयांश आहे, हे विधान पातळ्यांच्या नोंदीवरून खात्रीने करता येते, आणि शेतकऱ्याला पीक ठरवायला एवढी खात्री पुरते. ओढ्याच्या सूत्रातली चूक पावसाच्या पडण्याप्रमाणे दरवर्षी वेगळी असते.

दुसरे उत्तर मला अधिक वजनदार वाटते. भूपृष्ठावरच्या पाण्याची मागची माहिती बऱ्याच अंशी नंतरही मिळवता येते. पावसाच्या नोंदी तालुक्याच्या आणि महसूल मंडळाच्या पातळीवर असतात. मोठ्या तलावांचा जलविस्तार १९८० च्या दशकापासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटर सुस्पष्टतेच्या चित्रांत आणि अलीकडे सेंटिनेलच्या १० मीटरच्या चित्रांत पाहता येतो, जरी पावसाळ्यातले ढग आणि बंधाऱ्यांची अरुंद पात्रे यांची मर्यादा राहतेच. अमुक वर्षीच्या मे महिन्यात वरच्या आळीच्या विहिरीत पाणी किती खोल होते, हे त्या दिवशी कोणी मोजले नसेल तर पुढे कोणत्याही साधनाने कळणार नाही. ज्या नोंदी नंतर मिळणारच नाहीत त्या आधी घ्याव्यात, हा माझा आग्रह त्यातूनच आला आहे. किती गावांत पाणलोटाची कामे होऊन गेली आणि कामाआधीची एकही पातळी कुठे लिहिलेली नाही, हे पाहून फार वाईट वाटते. कामांचा उपयोग झाला की नाही हे त्या गावांना कधीच ठरवता येणार नाही.

तिसरे कारण व्यवहाराचे आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रातली पातळी एक मीटर उतरली की २ टक्क्यांनी २० हजार घनमीटर पाणी संपते. उसाची वर्षाची गरज २,००० ते २,५०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर, धरली जाते. पावसाचा वाटा वजा केला तरी एक हेक्टर उसाला विहिरीतून द्यावे लागणारे पाणी जवळपास त्याच घरात जाते. ऑक्टोबरची पातळी हाती असेल तर रब्बीत काय पेरावे यावर पेरणीपूर्वी बोलता येते. हिवरे बाजारने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याचा जो पायंडा पाडला, त्याची ताकद याच वेळापत्रकात आहे. आंध्र प्रदेशातील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी मोजून पीकनिहाय पाण्याचा हिशेब करण्याचा प्रयोग या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या प्रमाणावर झाला, आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवलेल्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवरच्या मोजणीला हेच स्थान आहे.

तयार माहिती कुठपर्यंत पुरते

शासकीय नोंदी वापराव्यातच, पण त्यांचा आवाका लक्षात घेऊन. भूजल यंत्रणेने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे, म्हणजे एका क्षेत्राचा विस्तार सरासरी दोनशे चौरस किलोमीटर होतो. वर्षानुवर्षे चालत आलेल्या निरीक्षण विहिरी राज्यात जवळपास चार हजार, म्हणजे अशा एका क्षेत्रात दोन-तीन. आपले पाणलोट ‘सुरक्षित’ वर्गात आहे, म्हणजे उपसा वार्षिक उपलब्धतेच्या ७० टक्क्यांच्या आत आहे, असे अहवालात असले तरी त्या दोनशे चौरस किलोमीटरमधले आपले दहा चौरस किलोमीटर सुरक्षित आहेत असा अर्थ होत नाही. या नोंदींचा खरा उपयोग दीर्घकाळाचा कल पाहण्यासाठी होतो. जवळच्या निरीक्षण विहिरीची वीस-तीस वर्षांची पातळी मिळाली, तर आपली पहिल्या वर्षीची वाचने तिच्याशेजारी ठेवून यंदाचे वर्ष कसे होते हे ठरवता येते.

केंद्रीय जल आयोग आणि जलसंपदा विभाग यांची प्रवाहमापन केंद्रे नद्यांवर आहेत, गावच्या ओढ्यावर नाहीत. राज्यातील महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत आणि एका मंडळात अनेक गावे येतात. सोळा-सतरा किलोमीटरवरच्या केंद्रावर झालेला वळीव आपल्या शिवारात झाला असेलच असे नाही. म्हणून स्वतःचा पर्जन्यमापक हवा आणि तो रोज सकाळी साडेआठला वाचायला हवा. उपशाच्या अंदाजासाठी ई-पीक पाहणीतला पीकपेरा, मोटारींची अश्वशक्ती आणि वीजपुरवठ्याचे तास एकत्र केले तर काम चालण्याइतका आकडा मिळतो.

एकच पाणी दोनदा मोजले जाते ते असे

दोन्ही बाजूंची बेरीज करून ‘गावाचे एकूण पाणी’ सांगणारे अहवाल मला सर्वांत धोकादायक वाटतात. नोव्हेंबरपासून ओढ्यात जे वाहते ते पावसाचे ताजे पाणी नसते. खडकात मुरलेले पाणी पाझरून ओढ्यात आलेले असते. वार्षिक प्रवाहाच्या सूत्रात हा पाझर धरलेला असतो आणि ऑक्टोबरच्या विहिरींच्या पातळीतही तो धरलेला असतो. वरच्या उदाहरणात १० लाख आणि १० लाख मिळून २० लाख घनमीटर म्हणणे त्यामुळेच चूक आहे. बंधाऱ्यात अडलेले पाणी मुरून विहिरीत येते, विहिरीतून उपसलेल्या पाण्याचा काही भाग शेतातून पुन्हा मुरतो, आणि खालच्या बंधाऱ्यात तो परत दिसतो. खाचेच्या पत्र्याने मोजलेला पावसाळ्यानंतरचा प्रवाह पहिल्याच वर्षी का हवा, याचे कारण इथे आहे: विहिरीतून कोणी न उपसता पाणलोटातून निघून जाणारे भूजल किती, हे सांगणारे ते एकमेव प्रत्यक्ष मोजमाप आहे.

भूजलाच्या अधिकृत अंदाजपद्धतीतही एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. पातळीच्या चढउतारावरून काढलेली भर आणि पावसाच्या मुरण्याच्या प्रमाणावरून काढलेली भर यांची तुलना केली जाते, आणि त्यांत २० टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर पातळीवरून आलेला आकडा तसाच स्वीकारत नाहीत. गावानेही हीच शिस्त पाळावी.

जिथे निर्णय बदलतो

कोकणात क्रम उलटा करावा. घाटाच्या प्रदेशासाठीच्या इंग्लिस सूत्राने २५० सेंटिमीटर पावसातले सुमारे १८२ सेंटिमीटर वाहून जातात. जांभ्यात मुरलेले पाणीही झपाट्याने बाहेर पडते, आणि ऑगस्टमध्ये काठोकाठ असलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. तिथे डिसेंबर ते मे या काळातला झऱ्यांचा आणि वहाळांचा प्रवाह आधी मोजावा. बादली आणि घड्याळ यांनीही ते काम होते.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात पातळी किती आहे यापेक्षा पाणी कसे आहे हे आधी तपासावे लागते, आणि शेततळ्यांत साठणारे भूपृष्ठावरचे पाणी हाच पहिला विषय ठरतो. क्षारयुक्त पाणी आणि चिकणमाती या दोघांचीही रोधकता कमी असल्याने रोधकता सर्वेक्षण तिथे सहज फसते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे; पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. अशा भागात पातळीच्या नोंदीसोबत पाणी तपासणी पहिल्याच महिन्यात हवी.

तापीच्या गाळात, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, इतका जाड आणि विस्तीर्ण आहे की एका गावाने एकट्याने केलेला अभ्यास अपुरा पडतो. तिथे राष्ट्रीय जलधर नकाशीकरणाचे अहवाल घ्यावेत आणि गावांच्या गटाने सातपुड्याच्या पायथ्याशी ओढे शिरतात तिथला आणि पुढे काही अंतरावरचा प्रवाह मोजावा. मधल्या अंतरात आटलेले पाणी म्हणजे गाळात मुरलेले पाणी. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या जुन्या तलावांच्या, गावांत तलावाची क्षमता आणि गाळ यांची मोजणी आधी करावी. कालव्याखालच्या गावांत विहिरींची पातळी पावसापेक्षा आवर्तनाप्रमाणे, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीप्रमाणे, हलते, म्हणून पाटबंधारे शाखेकडून आवर्तनांच्या तारखा मिळाल्याशिवाय पातळ्यांचा आलेख वाचायलाही घेऊ नये.

दुसऱ्या वर्षीचा निधी

बेसॉल्टच्या पाणलोटात एका वर्षाच्या नोंदी झाल्या की पुढचा खर्च कुठे करावा हे त्या नोंदींवरूनच ठरते. पातळीवरून काढलेली भर आणि पावसाच्या मुरण्यावरून काढलेली भर यांत मोठी तफावत असेल, तर विशिष्ट जलउत्पन्नाचा आकडा संशयास्पद आहे असे समजून निधी दीर्घ उपसा चाचण्यांसाठी वापरावा. दोन्ही आकडे जुळत असतील पण पावसाळ्यानंतरचा ओढ्याचा प्रवाह जानेवारीपलीकडे टिकत असेल, तर पाणलोटातून भूजल निसटते आहे. मग ओढ्याच्या वरच्या आणि मधल्या टप्प्यांवर आणखी दोन खाचेचे पत्रे बसवून ते कोणत्या भागातून निसटते हे शोधावे. बंधाऱ्याची जागा त्यानंतर निवडावी. ओढा नोव्हेंबरमध्येच कोरडा पडत असेल आणि विहिरी फेब्रुवारीत तळाला जात असतील, तर अडवण्यासारखे पाणी फारसे उरलेले नाही, आणि दुसऱ्या वर्षीचे पैसे मोजणीपेक्षा पीकपेऱ्याच्या तपशीलवार नोंदीवर आणि ठिबकच्या हिशेबावर घालणे योग्य. नव्या बंधाऱ्याचा प्रस्ताव आधीच मंजूर झाला असेल तर एवढे तरी करावे, की पाया खोदण्यापूर्वी त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या किमान चार विहिरींची पातळी एका पूर्ण वर्षाची लिहून ठेवावी.